एका जाळ्यातले तीन मासे

नमस्कार श्रोतेहो.

कुपा किंवा टूना म्हटलं की आपल्यासमोर एकच मासा येतो. पण उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रात मोठ्या बोटी ज्यांच्या मागावर असतात, ते टूना मुख्यतः तीन जातींचे आहेत. पोटावर काळसर पट्टे असलेला स्किपजॅक, पिवळ्या परांचा यलोफिन आणि मोठ्या डोळ्यांचा बिगआय. जगभर पकडल्या जाणाऱ्या मुख्य टूनांमध्ये निम्म्याहून जास्त वाटा एकट्या स्किपजॅकचा, आणि डब्यात भरला जातो तोही बहुतांशी हाच. नाव एक पडल्यामुळे आपण तिघांचं आयुष्यही एकच धरून चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी तिघांमधलं साम्य सांगतो. बरेचसे मासे एका जागी राहून तोंडाची उघडझाप करतात आणि कल्ल्यांवर पाणी खेळवतात. टूनाला ते जमत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून तो पुढे जात राहतो, तेव्हाच कल्ल्यांमधून पाणी वाहतं. पोहणं थांबलं की श्वास थांबला. स्किपजॅकला तर शरीर तरंगतं ठेवणारी हवेची पिशवीसुद्धा नसते. थांबला तर तो बुडायलाच लागेल. म्हणून झोप नाही, विसावा नाही, दिवसरात्र पोहणं.

या अखंड कष्टाला लागणारं इंजिन बघायचं असेल, तर टूनाचा आडवा कापलेला तुकडा हातात घ्या. मधोमध, कण्याला चिकटून, गडद तांबड्या मांसाचा पट्टा दिसेल. न थकता पोहणारं मांस ते हेच. इतर माशांमध्ये ते कातडीलगत असतं, टूनामध्ये आत दडलेलं. त्याच्याजवळ बारीक रक्तवाहिन्यांची दाट जाळी असते. शरीरातून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं थंड रक्त तिथे एकमेकांना खेटून उलट दिशांनी वाहतं. परतणाऱ्या रक्तातली ऊब येणाऱ्या रक्तात उतरते, पाण्यात वाया जात नाही. त्यामुळे टूनाचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा कित्येक अंशांनी गरम राहतात. मासा म्हणजे थंड रक्ताचा, असं शाळेत पाठ केलेल्या आपल्याला हे मोठंच नवल आहे.

या ऊबेचा सगळ्यात सुंदर वापर बिगआय करतो. सूर्य उगवला की तो तीनशे ते पाचशे मीटर खोल उतरतो. तिथे उजेड अगदी अंधूक, पाणी गार आणि प्राणवायू कमी. माकूळ आणि छोटे मासे दिवसा उजेड टाळून तिथे जाऊन बसतात, म्हणून हाही त्यांच्या मागे जातो. ते मोठे डोळे तिथेच कामाला येतात. मात्र अंग गार पडत चाललं की तो मध्येच झपाट्याने वर येतो, कोमट पाण्यात शेकून घेतो आणि पुन्हा खाली सूर मारतो. संशोधकांनी माशाला यंत्रं लावून हे मोजलं, तेव्हा कळलं की वर आल्यावर त्याचं अंग फार लवकर तापतं आणि खाली गेल्यावर सावकाश गार होतं. गरजेप्रमाणे तो आपली ऊब राखण्याची व्यवस्था बंद-चालू करतो. मला हे वाचून आता बरीच वर्षं झाली, तरी आश्चर्य ओसरलेलं नाही.

आता फरक. स्किपजॅक साधारण वर्षभरात वयात येतो आणि कोमट पाण्यात बारा महिने अंडी घालतो. त्याची पैदास अफाट आहे, मासेमारीचा मोठा भार तो पेलू शकतो. बिगआयला वयात यायला सुमारे तीन वर्षं लागतात, तो दहा-पंधरा वर्षं जगू शकतो आणि शंभर किलोच्याही वर जातो.

आणि मग मध्ये येतो तराफा. खुल्या समुद्रात काहीही तरंगत असलं, अगदी वाहत आलेला ओंडका असला, तरी त्याखाली मासे गोळा होतात. का होतात, यावर अजून वाद आहेत. बोटींनी ही खोड हेरली. बांबूचा तराफा, खाली लोंबणारे दोर (पूर्वी जुनी जाळी असत), वर उपग्रहाशी बोलणारा बोया. खाली मासा किती जमलाय, याचा अंदाजही तो बोया बोटीला कळवतो. पहाटे बोट येते, पर्ससीन नावाच्या मोठ्या जाळ्याचा वेढा पडतो, बटव्यासारखा त्याचा तळ आवळला जातो. जाळ्यात भरगच्च स्किपजॅक असतो, आणि त्याच्यासोबत, त्याच्याच आकाराची बिगआय आणि यलोफिनची पिल्लं. स्किपजॅक तोवर अंडी घालून मोकळा झालेला असू शकतो. बिगआयचं पिल्लू मात्र अजून वर्षानुवर्षं वाढायचं असतं.

तराफ्याशिवाय फिरणाऱ्या मोकळ्या थव्यावर जाळं टाकलं तर बिगआयची पिल्लं फार कमी सापडतात. म्हणूनच पश्चिम आणि मध्य प्रशांत महासागरात २००९ पासून दरवर्षी ठरावीक काळ तराफ्यांभोवती पर्ससीन टाकायला बंदी असते. तिथल्या छोट्या बेटदेशांनी यात पुढाकार घेतला, याचं मला फार कौतुक आहे. किरिबाटी, तुवालू, नाउरू हे नकाशावर ठिपक्याएवढे देश. १९८२ च्या नाउरू कराराने एकत्र आलेले असे आठ देश आपल्या पाण्यात मासेमारीचे दिवस मोजून विकतात, आणि २०१५ पासून एका दिवसाचा किमान दर त्यांनी आठ हजार डॉलर ठेवला. जे मोकळ्या थव्यावरच जाळं टाकतात, त्यांच्या स्किपजॅकला शाश्वत मासेमारीचं वेगळं प्रमाणपत्रही मिळतं.

पण बंदी घालायची तर आधी मोजता आलं पाहिजे, आणि मोजणं हेच अवघड. यलोफिनचं आणि बिगआयचं लहान पिल्लू बाहेरून इतकं सारखं दिसतं की जुन्या नोंदींमध्ये पुष्कळसा बिगआय दुसऱ्याच माशांच्या रकान्यात गेला. म्हणून आता बोटींवर निरीक्षक असतात. डेकवर पडलेल्या ढिगातून ते मासे उचलतात, मोजपट्टीवर ठेवतात, जात लिहितात. बाहेरून ओळख पटलीच नाही, तर पोट उघडून यकृत बघायचं. यकृत गुळगुळीत असलं तर यलोफिन. त्यावर बारीक रेघा असल्या तर बिगआय.