आठ दिवसांची अदलाबदल

(पडद्यावर: नागपूर, एप्रिलमधली दुपार. फरशीवर जुना पेपर अंथरलेला, त्यावर शेजारी शेजारी दोन ग्राफिक्स कार्डं.)

घरघर ऐकू येतेय ती खिडकीतल्या कूलरची. बाहेर ४३ अंश आहे. पेपरावर दोन ग्राफिक्स कार्डं आहेत, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं चित्र तयार करणारे भाग. डावीकडे आहे ते माझं कार्ड, एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० टीआय. उजवीकडचं माझ्या मित्राचं, एएमडी कंपनीचं आरएक्स ६७०० एक्सटी. आम्ही दोघं पाचवीपासून एका बाकावर बसलो. सायकल, बॅट, कॉलेजच्या नोट्स, काय काय एकमेकांचं वापरलं, पण ते सगळं परत द्यायच्या बोलीवर. ही कार्डं मात्र एकमेकांना कायमची द्यायची होती. आणि दोन्ही कार्डं आमच्या पहिल्या कमाईची.

विषय त्यानेच काढला, नागपूरच्या बर्डी बाजारात चहा पिताना.

"तुझं कार्ड मला दे, माझं तू घे. वरचे पैसे कोणीच द्यायचे नाहीत."

मी लगेच हो म्हणालो नाही.

(पडद्यावर: मित्राचं टेबल. स्क्रीनवर एका स्वयंपाकघराचं थ्रीडी चित्र, चौकोना-चौकोनाने भरत जाणारं.)

तो इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करतो, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये. रात्री तासभर व्हॅलोरंट ही गेम. त्याचा मॉनिटर १०८० पिक्सेलचा, १४४ हर्ट्झचा. व्हॅलोरंटला दोन्हींपैकी कुठलंही कार्ड डोक्यावरून पाणी. पण ब्लेंडरमध्ये शेवटचं चित्र तयार करणाऱ्या सायकल्स इंजिनात एनव्हिडियाच्या कार्डाला ऑप्टिक्स मिळतं, म्हणजे प्रकाशकिरणांचं गणित करायला कार्डात जे वेगळे भाग बसवलेत ते कामाला लागतात. एएमडीचं कार्ड ब्लेंडरला चालतं, पण याच दर्जाच्या एनव्हिडियाच्या खूप मागे राहतं. त्याला एका व्ह्यूला ४० मिनिटं लागायची. क्लायंटने "टाइल्सचा रंग जरा बदलून दाखवा" म्हटलं, की परत ४० मिनिटं.

माझं उलट. माझा मॉनिटर २७ इंची, १४४० पिक्सेलचा, आणि मला आवडतात मोठ्या, निवांत, गोष्टीच्या गेम. घोड्यावर बसून डोंगर पालथा घालायचा, गावात शिरायचं, दारं उघडून बघायचं.

(पडद्यावर: माझ्या कार्डाचा बोर्ड, त्यावरचा कूलर काढलेला, अगदी जवळून. बोट एकेका काळ्या चौकोनावर टेकतं.)

नुसत्या ताकदीत दोन्ही कार्डं बरोबरीची. माझं मॉडेल डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आलं, अमेरिकेत ३९९ डॉलरला. त्याचं मार्च २०२१ मध्ये, ४७९ डॉलरला. साध्या सेटिंगवर फ्रेम्सचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो, झाकून ठेवला तर कुठलं कार्ड चालू आहे हे डोळ्याला कळणार नाही. मोठा फरक मेमरीत आहे. मधल्या चिपभोवती हे काळे चौकोन दिसतात ना, ते मोजा. माझ्या कार्डावर ८, प्रत्येकी १ जीबीचे. त्याचं कार्ड आम्ही उघडलं नाही, पण आत असे ६ आहेत आणि प्रत्येक २ जीबीचा. म्हणून माझ्याकडे ८ जीबी, त्याच्याकडे १२. प्रत्येक चौकोनातून ३२ बिटांची वाट निघते. त्यामुळे माझी वाट रुंद, २५६ बिटांची, त्याची १९२ ची. माझ्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी माहिती जाऊ शकते, त्याच्या ३८४. ही कसर भरून काढायला एएमडीने मुख्य चिपमध्येच ९६ एमबीची इन्फिनिटी कॅश दिली, म्हणजे हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी.

म्हणजे माझा रस्ता मोठा, पण गोदाम लहान. २०२३ पासून बऱ्याच मोठ्या गेमचे टेक्स्चर, म्हणजे भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं, १४४० पिक्सेलवर, सगळं वरच्या सेटिंगवर ठेवलं, की ८ जीबीत मावेनासे झाले. न मावणारा माल कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जाऊन पडतो आणि लागेल तेव्हा मदरबोर्डच्या स्लॉटमधून आणावा लागतो. माझा मदरबोर्ड बी४५०, स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ३.०. त्यातून सेकंदाला जेमतेम १६ जीबी येतं. ४४८ ची सवय असलेल्या चिपने १६ वर ताटकळायचं.

हे दिसतं कसं, ते बघा. घोडा भरधाव सुटलाय. वळण येतं आणि चित्र क्षणभर थिजतं. समोरच्या भिंतीच्या विटा आधी लापशीसारख्या गिचगिचीत, मग सावकाश उमटतात. कोपऱ्यात सरासरी फ्रेम्सचा आकडा मात्र ७० च्या आसपासच. सरासरीत हा धक्का दिसतच नाही. मी सेटिंग एक पायरी खाली आणून दोन वर्षं खेळलो, आणि ती खाली आणलेली पायरी मला रोज दिसायची.

मग अडलं कुठे? डीएलएसएसपाशी. कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं आणि स्वच्छ करण्याची एनव्हिडियाची ही सोय फक्त आरटीएक्स कार्डांवर चालते, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचं सुधारलेलं रूप जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं. एएमडीची तशीच सोय म्हणजे एफएसआर. ते माझ्या कार्डावरही चालतं, पण त्याचा चांगला, चौथा अवतार २०२५ मध्ये अधिकृतपणे फक्त ९००० मालिकेच्या नव्या कार्डांसाठी आला. बारीक तारा, झाडांची पानं, दूरची जाळी, यांत डीएलएसएसचं चित्र स्वच्छ असतं, हे मी रोज बघत होतो. हातातली ही गोष्ट सोडायची म्हणजे थोडं दुखणारच. पण १२ जीबी असताना १४४० पिक्सेलवर मला अपस्केलिंगची, म्हणजे चित्र असं मोठं करण्याची, गरजच कमी पडणार होती. आणि डीएलएसएस चित्र स्वच्छ करतं, टेक्स्चरचं पूर्ण ओझं काही उतरवत नाही.

(पडद्यावर: कार्डाची कड. पॅडच्या बाजूला चिकट तेलाचा ओघळ.)

आता जी गोष्ट मित्राला सांगायला मला दोन दिवस लागले, ती. माझं कार्ड नवं घेतलेलं नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईला गेलो होतो, तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनं म्हणून घेतलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवर त्याचं मायनिंग करणं, म्हणजे कार्डाला गणितं करायला लावून ते चलन कमावणं, संपलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. मला "गेमिंगचंच आहे" म्हणून दिलं गेलं. घरी आणून उघडलं तर मेमरीवरचे थर्मल पॅड, म्हणजे तिची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, वाळलेले, त्यांतलं तेल बोर्डावर उतरलेलं. तेव्हा मी पॅड बदलले होते. मायनिंग केलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं मी मानत नाही. पुष्कळ जण चिपला कमी व्होल्टेजवर, एकसारख्या तापमानात चालवायचे. इथेरियमचा भार यायचा तो मेमरीवर आणि पंख्यांवर. तरीही, त्याच्या कार्डाचं खोकं माझ्यासमोर फुटलं होतं आणि माझ्या कार्डाची जन्मकथा मलाच ठाऊक नाही. ही तफावत पैशात कशी मोजायची?

मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला.

"बरं केलंस बे, सांगितलंस. उघडून पाहू."

(पडद्यावर: दोन डोकी एका बोर्डावर वाकलेली.)

आधी तसंच चालवलं. चिप ७२ अंश, पण तिच्यावरचा सर्वांत तापलेला ठिपका, हॉटस्पॉट, ९६. एवढं अंतर म्हणजे चिप आणि कूलरच्या मधली, उष्णता नेणारी पेस्ट वाळलीय. एक पंखा बोटाने फिरवला तर किरकिर. पेस्ट नवी लावली. पॅड बरे होते, ते हलवले नाहीत, कारण जाडी थोडी जरी चुकली तर कूलर चिपवर नीट टेकत नाही. पंखा मी माझ्या खर्चाने बदलला. पुन्हा चालवलं: ६९ आणि ८२, तेही नागपूरच्या एप्रिलमध्ये, दुपारी.

मग त्याचं कार्ड माझ्या कॅबिनेटमध्ये. आधी सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुरता पुसला. कंपनी बदलताना हे टाळलं की पुढे कुठल्या दोषाचं खापर कुणावर फोडायचं तेच कळत नाही. कार्ड बसलं, पुढच्या पंख्यात आणि त्यात बोटभर जागा उरली. टेस्ट चालू केली आणि टेबलाखालून टीं-टीं-टीं.

यूपीएस! माझा ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा. माझं कार्ड २०० वॉटचं होतं, तोवर तो कसाबसा तग धरायचा. हे २३० चं. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा, माझा ५५० वॉटचा, आणि एएमडी या कार्डाला ६५० सांगते. शिवाय कार्डाला एक ८ पिनची आणि एक ६ पिनची जोडणी लागते, आणि मी एकाच वायरची दोन्ही तोंडं तिथे खोचली होती. म्हणजे "वरचे पैसे नाहीत" या बोलीत माझे पैसे जाणारच होते. नवा एसएमपीएस, दोन वेगळ्या वायरींचा. यूपीएसवर आता फक्त मॉनिटर आणि राउटर. कार्डाचं व्होल्टेजही ड्रायव्हरमधून थोडं उतरवलं, त्याने खोलीही जरा कमी तापते. अदलाबदलीचा हिशोब करणाऱ्याने हा खर्च आधी मांडावा, मी नंतर मांडला.

त्याच्याकडे असं काहीच निघालं नाही. त्याचा मॉनिटर फ्रीसिंकचा, म्हणजे एएमडीच्या कार्डाच्या तालावर चित्र बदलणारा, पण एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून अशा मॉनिटरना वाट करून दिलीय. डिस्प्लेपोर्टची वायर लावली, झालं.

(पडद्यावर: ग्राफिक्स कार्डाचं रिकामं खोकं, शेजारी बॉलपेन.)

राहिला एकच प्रश्न, आणि तो दोघांनाही विचारायचा नव्हता. वॉरंटी दोन्हींची संपलेली. शेवटी तोच म्हणाला, "अन् उद्या एखादं बंद पडलं तर?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मैत्री आहे ना, मग लिहूनच ठेवा."

खोक्याच्या आतल्या बाजूला लिहिलं. आठ दिवस वापरायचं, मनाला पटलं नाही तर कारण न विचारता परत. त्यानंतर सहा महिन्यांत कुठलंही कार्ड बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च अर्धा-अर्धा. दुरुस्तच झालं नाही तर चालू कार्डाची त्या दिवशीची जुन्या बाजारातली किंमत धरायची आणि तिच्या निम्मे पैसे दुसऱ्याला. दोघांच्या सह्या, तारीख.

आठव्या दिवशी रात्री त्याचा फोन आला.

"तेच स्वयंपाकघर. २२ मिनिटं. तुझं काय?"

मी घोड्यावर होतो, त्याच वळणावर. सेटिंग एक पायरी वर.

"विटा दिसतायत," मी म्हणालो.

"ठेवतोस?"

"ठेवतो."