वाटी कुणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

मी ढोरांचा डॉक्टर. नोकरीला लागलो तेव्हा दवाखान्याच्या दारात बैलजोडी, म्हैस आणि शेळ्या यायच्या. कुत्रं आलंच तर शेतावरचं, दोरीला धरून आणलेलं, जखमेत किडे पडलेलं. आता मात्र मांडीवर बसून येणारी छोटी कुत्री रोज येतात. पॉमेरेनियन, पग, डॅशहाउंड, शिह त्झू. धुळ्या-जळगावातून येतात, भुसावळहून येतात आणि अमळनेर-चोपड्याकडच्या खेड्यांतूनही येतात. त्यांच्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, याला खायला किती द्यायचं आणि कितीदा द्यायचं?"

मागच्या वर्षी पाऊस तोंडावर आला होता तेव्हा अमळनेरजवळच्या एका गावचं कुटुंब आलं. आजी, सून, नातू आणि टोपलीत सोन्या. पांढरा पॉमेरेनियन, वय चार वर्षं. टोपलीतून उतरला आणि टेबलापर्यंतच्या चार पावलांत त्याला खोकला लागला. घोगरा, बदक ओरडावं तसा. या जातीची श्वासनलिका मुळातच नाजूक. त्यात गळ्याभोवती आणि छातीत चरबी साठली की ती आणखी दबते. काट्यावर ठेवला तर ८ किलो २०० ग्रॅम. त्याच्या हाडापेराच्या कुत्र्याचं वजन ५ किलोच्या आसपास हवं.

मी सुनेला विचारलं, "याला काय देता?" ती म्हणाली, "जास्त नाही हो डॉक्टर. सकाळी एक वाटी कोरडं खाद्य, रात्री एक वाटी. पुडक्यावर लिहिलंय तेवढंच." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातून तेवढंच जात होतं.

मग मी नातवाकडे वळलो. मुलं खरं सांगतात. सकाळच्या चहाला तो सोन्याला दोन बिस्किटं देतो, संध्याकाळी आणखी दोन. दुपारी आजोबा केळं खातात, त्यातलं अर्धं सोन्याचं. रात्री बाबा शेव घेऊन टीव्हीसमोर बसतात, मूठभर त्याला. आणि आजी? आजींनी पदर सावरला आणि सांगितलं, दहा वाजता पाव भाकरी, कपभर म्हशीचं दूध आणि वरून चमचाभर तूप.

मी केसपेपरच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. सुनेच्या दोन वाट्या, ४० ग्रॅमच्या एकेक, मिळून ३०० कॅलरी. आजींचा दूध-भाकरी-तुपाचा काला २००. बिस्किटं १००. शेव ११०. केळं ४५. बेरीज झाली साडेसातशेच्या वर. ५ किलोच्या, घरातच वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला लागतात फार तर साडेतीनशे.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नामदेव महाराज तूपनी वाटी लिसन कुत्राना मांगे पयनात. आनि तुम्ही माले तूप बंद कर सांगतस?"

श्रोतेहो, या प्रश्नाला हसून चालत नाही. कोरडी पोळी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागं तूप घेऊन धावणारा संत आपल्या मातीत होऊन गेला, हे ज्या आजीच्या मनात घट्ट बसलंय ती आजी कुत्र्याला उपाशी ठेवणार नाही, यासारखी चांगली गोष्ट नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो, "आजी, त्या कुत्र्याला दिवसभरात ती एकच कोरडी पोळी मिळाली होती. सोन्या सकाळपासून पाच जणांकडे जेवलाय."

खान्देशातल्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण आपल्याकडे घर भरलेलं असतं आणि हात सढळ असतो. दाराशी आलेल्याला "जेवला का?" विचारल्याशिवाय आपण सोडत नाही. कुत्रं तर घरातलंच. पण प्रत्येक जण थोडं थोडं देतो आणि एकूण किती गेलं ते कुणालाच माहीत नसतं. मोठ्या कुत्र्याच्या पोटात हे खपून जातं, छोट्याच्या नाही. चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात. आपल्याला त्या काहीच नाहीत, सोन्याच्या दिवसाच्या खुराकाचा तो आठवा हिस्सा. रावेर-यावलचं एक चांगलं पोसलेलं केळं म्हणजे त्याच्या दिवसाचा पाव हिस्सा.

आता हिशेब. सोपा आहे, लिहून घ्या. कुत्र्याचं योग्य वजन किलोत घ्या, त्याला ३० ने गुणा आणि त्यात ७० मिळवा. ५ किलोला १५० अधिक ७०, म्हणजे २२०. नुसतं पडून राहिलेल्या शरीराला एवढ्या कॅलरी लागतात. दोन किलोच्या वरच्या कुत्र्यांना हा हिशेब ठीक बसतो. फिरणाऱ्या, खेळणाऱ्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट द्या. दिवसभर पंख्याखाली झोपणाऱ्याला सव्वापटच पुरे. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज साधारण पाव हिस्सा कमी होते, इथेच पुष्कळ कुत्री बिघडतात. वाढत्या पिल्लाला मात्र हा हिशेब लावू नका, त्याला दुप्पट आणि त्याहूनही जास्त लागतं.

बाजारातल्या कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, आकडा पुडक्यावर छापलेला असतो. म्हणजे सोन्यासारख्याला दिवसभराचं मिळून ९० ग्रॅमच्या आसपास. एका वेळचं नव्हे, दिवसभराचं. आणि हे वाटीनं नका मोजू. आपल्या घरात वरणाची वाटी वेगळी, आमरसाची वेगळी, आणि प्रत्येक जण वाटी भरतो ती आपापल्या मायेप्रमाणे. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा. नसेल तर किराणा दुकानात एकदा वजन करून घ्या आणि डब्याला तेवढ्या उंचीवर खूण करा.

पण आकडा शेवटी अंदाज आहे. खरं उत्तर कुत्र्याच्या बरगडीवर असतं. दाट केसांच्या कुत्र्याचं डोळ्यांनी काही कळत नाही, म्हणून हात लावायचा. आत्ता रेडिओ ऐकता ऐकता स्वतःवर करून बघा. हात सरळ पसरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या मागच्या बाजूवरून, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून फिरवा. हाडं लागतात, पण टोचत नाहीत. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागायला हव्यात. आता मूठ वळा आणि तीच हाडं चाचपा. कुत्र्याच्या बरगड्या अशा टोचल्या तर ते हडकलंय. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं आणि हाड शोधावं लागलं, तर ते सुटलंय. सोन्याच्या अंगावर मी आजींचा हात ठेवला. त्यांनी बराच वेळ चाचपलं. "हाडूक लागतच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"खाऊ दे की, चार दिवसांचं जगणं त्याचं," असं पुष्कळ जण म्हणतात. मला याचं वाईट वाटतं, कारण ते दिवस कमी करणं आपल्याच हातून होतं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेताची भावंडं, जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणारी कुत्री साधारण १३ वर्षं जगली, दुसरी ११ वर्षं आणि थोडे महिने. सांध्यांचं दुखणंही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झालं. कुत्र्याच्या आयुष्यात जवळजवळ दोन वर्षं म्हणजे फार मोठा काळ आहे, श्रोतेहो.

आता कितीदा. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असेल तर दिवसातून चारदा. सहा महिन्यांपर्यंत तीनदा. त्यानंतर जन्मभर दोनदा, आणि अगदीच दोन-तीन किलोचं कुत्रं असेल तर तेच खाणं तीनदा विभागून. शेतावरच्या कुत्र्याला संध्याकाळी एकदा भाकरी टाकतात आणि त्याचं चालतं. छोट्याचं चालत नाही. त्याच्या इवल्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. पोट फार वेळ रिकामं राहिलं की पहाटे पिवळा पित्ताचा फेस ओकतं, आणि मालक घाबरून दवाखान्यात येतात. पुष्कळदा त्याला औषध लागत नाही, रात्रीचं जेवण थोडं उशिरा दिलं की भागतं.

पिल्लांचं मात्र गंभीर आहे. नवीन आणलेलं अर्ध्या-पाऊण किलोचं पिल्लू घाबरून दिवसभर खात नाही आणि रात्री लटपटायला लागतं, अंग गार पडतं, झटके येतात. रक्तातली साखर उतरलेली असते. अशा वेळी बोटावर मध किंवा गुळाचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळा आणि तसेच डॉक्टरकडे निघा. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

घरचं द्यायचं का? द्या ना. कुत्र्याला भाकरी पचत नाही असं सांगणारे आहेत, ते खरं नाही. माणसाच्या संगतीत हजारो वर्षं राहून कुत्र्याच्या अंगात पिष्ट पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा वाढली आहे, हे २०१३ साली त्याच्या जनुकांतूनच दिसून आलं. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, मऊ भात, फोडणी न दिलेलं वरण, उकडलेलं अंडं, चिकन, दुधी, लाल भोपळा, हे सगळं चालतं. पण नुसत्या भाकरी-दुधावर कुत्रं वाढवू नका. त्याला प्रथिनं हवीत आणि कॅल्शियम हवं. नुसतं चिकन-भात खाणाऱ्या पिल्लांचे पाय वाकलेले मी पाहिलेत. घरचंच देणार असाल तर डॉक्टरकडून एकदा बसवून घ्या. शाकाहारी घरांनाही हे जमतं, फक्त हिशेब नीट लावावा लागतो.

आणि शेवभाजीचा रस्सा नको, कृपा करून. नुसती भाकरी खात नाही म्हणून तीवर रस्सा ओततात. खान्देशी रश्शात कांदा असतो, लसूण असतो आणि वर तेलाची तर्री. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो, लघवी तांबूस होते, तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो. भरीतही नको, त्याच कारणासाठी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा देताना त्यातले बेदाणे काढा. द्राक्षं आणि बेदाणे थोडेसेही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. चॉकलेट नको, शिजवलेली हाडं नकोत.

आपल्या उन्हाळ्याबद्दल बोलल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा कुत्रं कमी खातं, आणि ते बरोबर आहे. त्याच्या मागं लागून तूप-साखर लावून भरवू नका. सकाळचं जेवण सहालाच द्या, संध्याकाळचं भिंती थोड्या निवल्यावर. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचला. कालवलेलं अन्न त्या उष्म्यात तासाभरात आंबतं. पाणी मात्र दिवसभर ठेवा, मातीच्या भांड्यात, सावलीत. एरवी ५ किलोच्या कुत्र्याला पाव लिटरच्या वर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. एक दिवसभर अन्नाला अजिबात तोंड लावलं नाही, किंवा भरपूर खाऊनही वाळत चाललंय, तर ते हवेवर ढकलू नका, दाखवायला आणा. पोटात जंत असतील, आणखीही काही असेल.

सोन्याचं आम्ही काय केलं ते सांगतो. वजन उतरवायचं होतं म्हणून खाणं २२० कॅलरींवर आणलं. आणि एक स्टीलचा डबा ठरवला. रोज सकाळी त्यात ५८ ग्रॅम खाद्य मोजून भरायचं. घरात ज्याला ज्याला सोन्याला द्यायची इच्छा होईल त्यानं त्या डब्यातूनच द्यायचं. नातवाचा चहाच्या वेळचा दाणा त्यातलाच, आजोबांचाही त्यातलाच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. आता डबा सांभाळणार कोण? सून म्हणाली, मी. मी म्हटलं, नाही, आजी.

पहिल्या आठवड्यात नातवाचा फोन आला. "डॉक्टरकाका, आजी रडते. सोन्या तिच्यासमोर बसून तोंडाकडे बघत राहतो." मागून आजींचा आवाज येत होता, "दखा ना, कसा दखस तो! भूक लागनी व्हई त्याले." मी त्यांना सांगितलं, भुकेचं कुत्रं आणि सवयीचं कुत्रं सारखंच बघतं. त्या वेळी त्याला अंगणात घेऊन जा, शेपूभाजी निवडत बसा, त्याला जवळ बसवा. त्याला तुमची संगत हवी असते, आणि आपण दर वेळी तिच्याऐवजी बिस्किट देतो.

आठवड्याला ७० ते १०० ग्रॅम, एवढ्याच चालीनं वजन उतरलं. किराणा दुकानदाराच्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी मोजायचं आणि आजी कॅलेंडरवर नातवाकडून लिहून घ्यायच्या.

यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, ते परत आले. ५ किलो ४०० ग्रॅम. टोपली नव्हती, सोन्या रिक्षातून स्वतः उतरून आला. आजींनी त्याला टेबलावर ठेवला आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली. मग मला सांगितलं, आखाजीला घरात खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. सोन्याला त्यांनी नखाएवढा मांडा दिला. आणि त्या दिवशी डब्यातून चार दाणे काढून ठेवले.

नमस्कार.