चोर आधीच ठाऊक असताना

श्रोतेहो, नमस्कार.

रहस्यकथा एकदाच वाचायची, चोर कळला की संपली, असं म्हणतात. पण ठाण्यात ज्यांचं बालपण वाचनालयात गेलं, मग ते 1893 सालापासून चालत आलेलं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय असो की नौपाड्यातलं गल्लीतलं वाचनालय, त्यांना माहीत असेल, कधीकधी पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असायचं, ‘चोर माळी आहे’. त्या कार्ट्याला शिव्या घालत आपण पुस्तक वाचून काढायचोच. म्हणजे नुसत्या चोरासाठी आपण तेव्हाही वाचत नव्हतो.

ही पुस्तकं मी सध्या लोकलमध्ये पुन्हा वाचतेय. चोर तर घाटकोपर यायच्या आतच ओळखू येतो. आता माग काढावासा वाटतो लेखकाचा. त्यानं काय दाखवलं, काय झाकलं? म्हणून मी आधी छपाईचं साल बघते.

एनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेतलं पहिलं पुस्तक 1942 सालचं. युद्ध ऐन भरात होतं. ब्रिटनमध्ये लोणी, साखर, बेकन 1940 पासून रेशनवर आणि 1942 च्या जुलैत गोळ्या-चॉकलेटंही रेशनवर गेली, ती थेट 1953 पर्यंत. आणि या मालिकेतली पोरं सहलीला निघाली की डबे उघडतात, हॅम, केक, जिंजर बिअर! आपल्याला वाटायचं, साहेबाच्या पोरांची काय चंगळ असते. अहो, साहेबाची पोरंही ते वर्णन वाचून तोंडाला सुटलेलं पाणी गिळत होती. पुस्तकभर युद्धाचा उल्लेख नाही, पण त्या डब्यांत ते दिसतं. बाकी भांडी घासायला आणि सँडविच करायला त्या पोरांतली धाकटी बिचारी अ‍ॅनच पुढे, हे आता चांगलंच खुपतं. घरी बसून काम करणारे, पोरांचा आवाज झाला की खेकसणारे त्यांचे क्वेंटिनकाका मात्र लॉकडाऊननंतर मला बरेचसे समजू लागलेत.

नॅन्सी ड्रू या अमेरिकन पोरगी-डिटेक्टिव्हची तर वेगळीच गंमत. लेखिका कॅरोलिन कीन अशी कुणी बाई नव्हतीच. एक कंपनी कथानकं ठरवून द्यायची आणि वेगवेगळे लेखक पैसे घेऊन लिहायचे. 1930 सालचं पहिलं पुस्तक मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिलं. पुढे 1959 पासून जुनी पुस्तकं आखूड करून, त्यातले वर्णद्वेषी उल्लेख काढून नव्यानं लिहिली गेली. तुमच्या हाती कोणती प्रत आली होती, ते घरी असेल तर तपासून पाहा.

आता आपला फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश. रागावू नका, पण हा गुप्तहेर नव्हेच. पुराव्याला पुरावा जोडेपर्यंत याला दम कुठला, त्याआधीच सायकल सुटलेली. योगायोगही भागवत सढळ हातानं वाढतात. पण त्यांचा कान बघा! वाक्यं अशी की मोठ्यानं वाचावीत. मी लोकलच्या डब्यात त्याचं ते ‘ट्टॉक’ करून पाहिलं, तर समोरच्या मावशी दचकल्या.

पण सगळ्यांत पुन्हापुन्हा वाचावंसं वाटलं ते जर्मन लेखक एरिख केस्टनर यांचं 1929 सालचं ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’. एमिलची आई विधवा. घरातच बायकांचे केस धुऊन, कापून ती घर चालवते. आजीसाठी दिलेले पैसे धरून 140 मार्क ती त्याच्याजवळ देते आणि तो रेल्वेच्या डब्यात ते कोटाच्या अस्तराला टाचणीनं टोचून ठेवतो. झोप लागते, पैसे जातात. शेवटी बर्लिनमधल्या बँकेत चोराला पोरांनी घेरलेलं असताना नोटा आपल्याच, हे सिद्ध कसं करायचं? टाचणीची भोकं! कॅशियर नोटा उजेडाला धरतो. लहानपणी मी इथं टाळी वाजवली होती. आता वाटतं, ही भोकं नुसत्या हुशारीची नाहीत, धास्तीची आहेत. आईनं किती डोकी धुतली तेव्हा ही रक्कम उभी राहिली, हे त्या पोराला ठाऊक होतं.

10 मे 1933 ला बर्लिनमध्ये नाझींनी केस्टनरची पुस्तकं जाळली, तेव्हा तो स्वतः गर्दीत उभा राहून बघत होता. त्या होळीतून एमिल तेवढा सुटला.

आणि या गोष्टीत एक धाकटा डीन्स्टाग आहे. बाकीची पोरं टॅक्सीतून चोराच्या मागे, हॉटेलसमोर पहारा देताहेत आणि याला काम काय, तर घरी फोनजवळ बसायचं. आम्ही भावंडं ही गोष्ट खेळायचो तेव्हा डीन्स्टाग व्हायला कुणीच तयार नसायचं, शेवटी सगळ्यांत लहानाच्या गळ्यात पडायचं. गणपतीत, दिवाळीत कंट्रोल रूममध्ये, हॉस्पिटलात, स्टेशनात ज्यांनी ड्यूटी केलीय, त्यांनी हे पुस्तक पुन्हा उघडलं तर थेट शेवटच्या प्रकरणावर जावं. तिथं सगळी पोरं जमलेली असतात, आणि एमिलची आजी सर्वांदेखत कौतुक करते ते या फोनवाल्या पोराचं.

नमस्कार.