कोऱ्या पांढऱ्या कागदाखाली काय असतं? अलास्काच्या टुंड्रा किनाऱ्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज सुरुवात या कागदापासून करते. हा बघा, कोरा, पांढरा, दोन्ही बाजूंनी काहीच नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये अलास्काच्या एका सिनेटरने असाच एक कोरा पांढरा फलक सगळ्यांसमोर धरला होता आणि त्याचं म्हणणं असं होतं की हिवाळ्यात त्या भागात गेलात तर तुम्हाला हेच दिसेल, मग तिथे तेल काढायला एवढा विरोध कशाला करताय.

तो भाग म्हणजे आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज. अलास्काचा अगदी ईशान्येचा कोपरा, वर ब्यूफोर्ट समुद्र, उजवीकडे कॅनडाची हद्द. साधारण 78 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा एक चतुर्थांश. 1960 साली हा भाग राखीव झाला, 1980 मध्ये आणखी वाढवला, पण त्याच 1980 च्या कायद्यात समुद्राला लागून असलेल्या पट्ट्याचा निर्णय मात्र लटकवून ठेवला, कारण खाली तेल असणार असा अंदाज होता. कायद्याच्या कलमाच्या नंबरावरून त्या पट्ट्याला नावच पडलं, टेन ओ टू एरिया. तो आहे 6 हजार चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडासा मोठा. आज आपण याच पट्ट्यात फिरणार आहोत.

तर आधी या पांढऱ्या कागदाच्या खाली जाऊ.

आर्क्टिक म्हटलं की आपल्याला वाटतं ढिगाने बर्फ पडत असेल. प्रत्यक्षात तिथे बर्फ फार पडत नाही, वाळवंटासारखाच कोरडा प्रदेश आहे तो, जो काही पडतो तो वारा उडवून नेतो. उडवून कुठे नेतो, तर जिथे अडेल तिथे. नदीचा काठ, समुद्राकडेची दरड, एखादा पुरुषभरसुद्धा उंच नसलेला बांधासारखा उंचवटा, त्याच्या आडोशाला बर्फ साचत जातो, साचत जातो आणि घट्ट होतो. त्या साचलेल्या बर्फात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ध्रुवीय अस्वलाची गाभण मादी येते आणि पोखरून आत शिरते. आत जायला एक अरुंद बोगदा आणि पुढे तिला जेमतेम वळता येईल एवढी खोली, बस. डिसेंबर-जानेवारीत तिथेच पिल्लं होतात. जन्मताना पिल्लू किती असतं माहितीये? अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा किंचित जड. डोळे मिटलेले, अंगावर नीट केस नाहीत, बाहेर उणे तीस तापमान आणि आई तर महिनोन् महिने काहीच खाल्लेलं नसताना स्वतःच्या चरबीवर त्यांना पाजत असते. मार्च-एप्रिलमध्ये ती गुहा फोडून बाहेर येतात तोपर्यंत पिल्लं दहाएक किलोची झालेली असतात. मधे गुहा सोडावी लागली तर ती जगत नाहीत, इतकं साधं आहे ते.

म्हणजे अस्वलाच्या दृष्टीने या पट्ट्यातल्या कामाच्या जागा कुठल्या, तर काठाकाठाने गेलेल्या बारीक रेषा. नकाशावर त्या दिसणारही नाहीत. पूर्वी बऱ्याच माद्या समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फातच गुहा करायच्या, पण तो बर्फ पातळ झाला, फुटायला लागला, म्हणून आता जास्त माद्या जमिनीवर येतात. दक्षिण ब्यूफोर्ट समुद्रातल्या या अस्वलांची संख्या 2010 च्या अंदाजात 900 च्या आसपास होती. त्यात वर्षाला गुहा करणाऱ्या माद्या किती असतील याचा तुम्हीच विचार करा.

बरं, आता जून. सूर्य मेच्या मध्यापासून मावळलेलाच नाही आणि जुलैच्या अखेरपर्यंत मावळणारही नाही. आणि दक्षिणेकडून कॅरिबू येतायत. कॅरिबू म्हणजे आपण ज्याला रेनडिअर म्हणतो तोच प्राणी, उत्तर अमेरिकेतला. हा कळप पॉर्क्युपाइन नदीच्या नावाने ओळखला जातो, 2017 च्या मोजणीत 2 लाख 18 हजार जनावरं होती. हिवाळा कॅनडात आणि डोंगरांच्या पलीकडच्या जंगलात काढायचा, बर्फाखालचं दगडफूल उकरून खायचं आणि वसंतात ब्रुक्स पर्वत ओलांडून इकडे यायचं. सगळ्यात पुढे असतात गाभण माद्या, नर मागून रमतगमत येतात.

या माद्या इथेच का येतात, जवळ कुठे का व्यात नाहीत, हे मला सगळ्यात भारी वाटतं. एक कारण चारा. टुंड्रावर कापसासारखे बोंड येणारं एक गवत असतं, कॉटनग्रास, बर्फ वितळल्या वितळल्या त्याला कोवळे कळे फुटतात आणि ते भरपूर पौष्टिक असतात, नेमके त्याच दिवसांत जेव्हा मादीला दूध यायला हवं. दुसरं कारण लांडगे. लांडगे, तपकिरी अस्वलं, सोनेरी गरुड हे सगळे जास्त करून डोंगराच्या पायथ्याशी राहतात, मैदानात त्यांची गर्दी कमी. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजारो माद्या काही दिवसांच्या अंतराने एकदम वितात. पाडस तासाभरात उभं राहायला लागतं, दोन-तीन दिवसांत आईच्या मागे पळतं. ज्या वर्षी बर्फ उशिरा वितळतो त्या वर्षी माद्यांना मैदान गाठता येत नाही, वाटेतच डोंगरात वितात आणि त्या वर्षी पाडसं जास्त मरतात. हे लक्षात ठेवा कारण लोक म्हणतात ना, की कळप थोडा सरकेल बाजूला, त्यात काय. पश्चिमेला प्रुडो बेच्या तेलक्षेत्राकडे मैदान शंभर-दीडशे किलोमीटर रुंद आहे, तिथे सरकायला जागा आहे. इथे डोंगर आणि समुद्र यांच्यात 25 ते 65 किलोमीटरच आहेत. सरकून जाणार कुठे, लांडग्यांच्या दारात?

आणि मग येतात डास. हसू नका, खरंच, आपल्या पावसाळ्यातले डास काहीच नाहीत. जूनच्या अखेरीपासून डासांचे ढगच्या ढग उठतात, शिवाय एक माशी असते जी कॅरिबूच्या केसांवर अंडी घालते आणि अळी कातडीखाली शिरते. जनावर चरणंच सोडून देतं, नुसतं डोकं झटकत पळत राहतं. चरलं नाही तर चरबी नाही, चरबी नाही तर पुढच्या वर्षी मादी गाभणच राहत नाही. मग कळप काय करतो, तर वारा शोधतो. समुद्राचा काठ, नदीपात्रातली उघडी वाळू, आणि काही नद्यांमध्ये हिवाळाभर थरावर थर साचून जुलैपर्यंत टिकणाऱ्या बर्फाच्या लाद्या, तिथे हजारो जनावरं एकमेकांना चिकटून उभी राहतात. वरून बघणाऱ्याला वाटेल ही तर गवताची काडीही नसलेली जागा, इथे रस्ता केला तर काय बिघडलं. पण त्या पंधरा दिवसांत तीच जागा त्यांना वाचवते.

आता खाली वाकून बघू, अगदी पायाजवळ. विमानातून हा पट्टा कसा दिसतो सांगू? कोकणात आषाढात पाणी भरलेली भाताची खाचरं दिसतात ना, बांध घातलेली, तशीच. फक्त हे बांध कोणी घातलेले नाहीत. जमीन शेकडो मीटर खोलपर्यंत कायमची गोठलेली, कडाक्याच्या थंडीत ती आकसते आणि तिला भेगा पडतात, उन्हाळ्यात भेगेत पाणी जातं, गोठतं, पुढच्या वर्षी तिथेच परत भेग, परत पाणी, असं शेकडो वर्षं. भेगेतला बर्फ पाचरीसारखा वाढत जातो आणि दोन्ही बाजूंची माती वर उचलतो, तेच बांध. वरचा हातभर थरच वितळतो, पाणी खाली मुरायला जागा नाही, म्हणून वाळवंटाइतका कमी पाऊस-बर्फ असूनही सगळीकडे पाणथळ. खाचरात पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या (हो, तेच डास), आणि कोरड्या बांधावर वीतभर गवतात चिखलपक्ष्यांची घरटी. चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत स्वतःच पाण्याकाठी किडे टिपायला लागतात. ज्या डासांनी कॅरिबू हैराण झाले त्यांच्यावरच ही पिल्लं मोठी होतात.

इथे मला आपल्या शिवडीची, ठाण्याच्या खाडीची आठवण येते. आपल्याकडे हिवाळ्यात चिखलावर जे छोटे छोटे पक्षी पळत असतात त्यातला छोटा टिलवा, कर्ल्यू सँडपायपर, हे आर्क्टिकचेच, पण अलास्काचे नाहीत, सायबेरियाच्या टुंड्राचे. कर्ल्यू सँडपायपर तर सायबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पाच्या आसपास घरटी करतो. तिथे लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी असतात, काही वर्षांनी त्यांची संख्या खूप वाढते आणि मग एकदम कोसळते. लेमिंग भरपूर असले की आर्क्टिक कोल्हे तेच खातात, कोसळले की मोर्चा पक्ष्यांच्या अंड्यांकडे. मग त्या वर्षी दक्षिणेला हिवाळ्यात उतरणाऱ्या थव्यांत नवी पिल्लं फार कमी दिसतात. खाडीवर दुर्बीण लावून उभं राहिलं की माझ्या डोक्यात हेच येतं, तिकडे यंदा उंदीर किती झाले असतील.

परत अलास्काला येऊ. किनाऱ्याला समांतर वाळूचे लांबट दांडे आहेत आणि दांड्यांच्या आत उथळ शांत पाणी, लगून. हिवाळ्यात इथे सुमारे दोन मीटर जाड बर्फ असतो, म्हणजे बरंचसं लगून तळापर्यंत गोठलेलं. उन्हाळ्यात बर्फ गेला की समुद्रातून बारीक कोळंबीसारखे जीव आत येतात आणि त्यांच्यामागे लाँग-टेल्ड डक नावाची बदकं हजारोंनी येतात, पिसं टाकायला. उडायची सगळी पिसं एकदम गळतात, तीन-चार आठवडे उडताच येत नाही. अशा वेळी लाटा नसलेलं, खाणं असलेलं, आडोशाचं पाणी हवं, ते हेच. आणखी पश्चिमेला तेशेकपुक तलाव आहे, तिथे ब्रांट जातीचे हंस याच कामासाठी जमतात.

आणि आर्क्टिक सिस्को हा मासा तर अफलातून. हा जन्मतो कॅनडात मॅकेन्झी नदीत. बोटाएवढं पिल्लू समुद्रात आलं की उन्हाळ्यातल्या पूर्वेकडच्या वाऱ्याने ढकललेल्या प्रवाहाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने वाहत शेकडो किलोमीटर पश्चिमेला, या लगूनमधून, थेट अलास्कातल्या कोलव्हिल नदीपर्यंत. तिथे तो काही वर्षं वाढतो आणि मोठा झाला की परत मॅकेन्झीला. नुइक्सुत गावातले इन्युपियाट लोक शरद ऋतूत बर्फाखाली जाळी लावून तो पकडतात. ज्या वर्षी पूर्वेचा वारा नीट वाहिला नाही, त्याची कमतरता पाच-सहा वर्षांनी यांच्या जाळ्यात दिसते.

हिवाळ्यात मासे जातात कुठे हाही प्रश्नच आहे, कारण नद्या तळापर्यंत गोठतात. काही मोजक्या ठिकाणी जमिनीतून झरे येतात, सॅडलरोचिटचा झरा त्यातलाच, जो वर्षभर वाहता असतो. डॉली व्हार्डन मासे अशा झऱ्याच्या पाण्यात दाटीवाटीने हिवाळा काढतात. तेलासाठी बर्फाचे रस्ते करायचे तर लाखो लिटर पाणी लागतं, आणि हिवाळ्यात न गोठलेलं पाणी मिळणार कुठून, तर अशाच जागांतून.

आता माणसांचं. डोंगराच्या दक्षिणेला ग्विचिन लोक राहतात, कॅरिबूवर जगणारे. ते या मैदानाला म्हणतात, जिथे जीवन सुरू होतं ती पवित्र जागा. 1988 मध्ये आर्क्टिक व्हिलेज या गावात सगळे ग्विचिन जमले आणि या जागेसाठी एकत्र उभं राहायचं ठरलं. पट्ट्याच्या काठावरच्या काकटोविक गावात मात्र इन्युपियाट लोक आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तेल हवंय, कारण शाळा, दवाखाना, नळ हे सगळं तेलाच्या करातून आलं. त्यांचंही खोटं नाही. मी स्वतः मात्र ग्विचिन लोकांच्या बाजूने आहे, कारण दुसरं मैदान नाहीये.

सुभांकर बॅनर्जी हे नाव ऐकलंय का? मूळचे बंगालचे, अमेरिकेत इंजिनियर होते, 2001 मध्ये नोकरी सोडून तिथे गेले आणि काकटोविकच्या रॉबर्ट थॉम्पसन यांच्या सोबतीने चारही ऋतूंचे फोटो काढले. 19 मार्च 2003 ला सिनेटमध्ये त्यांचा अस्वलाचा फोटो सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी उंच धरला, आणि त्या दिवशी 52 विरुद्ध 48 मतांनी ड्रिलिंग अडलं. कोऱ्या फलकाला एका आपल्या माणसाच्या कॅमेऱ्याने उत्तर दिलं.

पण 2017 च्या कायद्याने दार उघडलंच. जानेवारी 2021 मध्ये तेल काढायच्या हक्कांचा पहिला लिलाव झाला, मोठी तेल कंपनी एकही आली नाही. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली लागली नाही. तरी त्याच वर्षी नवीन कायदा आला की आणखी चार लिलाव घ्यायचे.

आणि तेल कुठे आहे हे शोधायलाच आधी जड गाड्या मैदानभर फिरवाव्या लागतात, जमिनीला हादरे द्यायला. 1984 आणि 85 च्या हिवाळ्यात त्या एकदा फिरल्या होत्या. गाड्यांखाली शेवाळ दाबलं गेलं, खालचा बर्फ वितळला, चाकोरीत पाणी भरलं, आणि त्यातल्या काही चाकोऱ्या पंचवीस वर्षांनंतरही दिसत होत्या. या गाड्या फिरतात हिवाळ्यातच, जमीन गोठलेली असताना, म्हणजे नेमकी अस्वलाची मादी काठाखाली पिल्लांना पाजत असते तेव्हा. यावर कंपन्या सांगतात की आम्ही आधी विमानातून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने गुहा शोधतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अलास्काच्या याच किनाऱ्यावरची अशी जुनी सर्वेक्षणं तपासली, ज्या गुहा नंतर खात्रीने सापडल्या त्यांच्याशी ताडून बघितली. निम्म्याहून जास्त गुहा कॅमेऱ्याला दिसल्याच नव्हत्या. विमान डोक्यावरून गेलं, ती आत होती.