लपाछपीचे जवळपास पन्नास कोटी डाव

पडद्यावर भिंतींनी कापलेलं एक मैदान. काही ठोकळे, दोन रॅम्प. निळ्या बाहुल्या लपणार. राज्य लाल बाहुल्यांवर.

२०१९ साली ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी ही लपाछपी मांडली. बाहुल्या हलवणारं माणूस कुणीच नव्हतं; मिळालेल्या-गमावलेल्या गुणांवरून त्या आपल्याआपण शिकत होत्या. सगळे निळे नजरेआड असले की गुण निळ्यांना. एक जरी दिसला, की लालांना. ठोकळ्यांचं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यात दर डावाला भिंती, ठोकळे, खेळाडूंची संख्या, सगळंच बदलायचं. पाठांतराला वावच नाही.

आधी नुसतीच पळापळ. साधारण अडीच कोटी डावांनंतर निळे ठोकळे ओढून दारं बुजवायला लागले, ठोकळा जागेवर लॉक करायला शिकले. लालांनी मग रॅम्प भिंतीला लावला आणि वरून आत उडी घेतली.

आता नीट बघा. डाव नुकताच सुरू झालाय. लाल अजून जागेवर खिळलेले आहेत; आपण डोळे मिटून शंभर म्हणायचो ना, तसा हा वेळ. एक निळा दाराकडे न जाता आधी रॅम्पकडे धावतो. रॅम्प ओढून बाजूला नेतो, लॉक करतो. मगच ठोकळ्याला हात घालतो.

याला योजना म्हणायचं का? मला तरी जरा जड जातं. 'आता लाल काय करतील' असं तिथं कुणी मांडून बघत नाही. कोट्यवधी डावांत गुण गमावून गमावून ती खोड अंगात मुरलीय.

लालांचं उत्तर तर भन्नाट होतं. लॉक केलेल्या रॅम्पवरून ते ठोकळ्यावर चढले आणि ठोकळ्यासकट सरकत भिंतीपर्यंत आले! पाय जमिनीवर आहेत की नाहीत, हे प्रोग्रॅम तपासतच नव्हता. चालण्याचा जोर ठोकळ्यावर उभं राहूनही लागायचा. बनवणाऱ्यांनाही ही फट दिसली नव्हती. आमच्या गल्लीत याला रडीचा डाव म्हटलं असतं. पण इथं नियमच नव्हता, मग मोडला कसा म्हणणार?

शेवटचा डाव. निळे घाईत आहेत. आडोशाच्या आधी मैदानातला एकेक ठोकळा लॉक होतोय. मग रॅम्प. मग दार.

वेळ संपली. लाल सुटतात, एका ठोकळ्याला ढकलून बघतात.

तो हलत नाही.