आठ वार, नऊ वार आणि जहाजावरची संध्याकाळ

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली बडोद्याच्या मराठी घरांत सुट्टीचा विषय निघाला की काश्मीर-केरळच्या जोडीला क्रूझचं नाव येतंच. कोणी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठून तिथून जहाज धरतं. कोणाची मुलगी सिंगापूरला असते, कोणाचा मुलगा अमेरिकेत, आणि ती मुलं हौसेनं आईवडिलांना समुद्रावर फिरवून आणतात. तिकिटं निघतात, व्हिसा होतो, आणि मग जहाज कंपनीची एक सूचना येते : अमुक संध्याकाळी फॉर्मल पोशाख अपेक्षित आहे. ती वाचली की घरात काळजीचं वातावरण. सूट शिवायचा का? गाऊन घ्यायचा का? साडी चालेल ना? माझ्याकडे आलेल्या पत्रांत आणि फोनवर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, म्हणून आज त्यावर बोलते.

मुख्य गोष्ट आधी सांगते, आणि मधे पुन्हा एकदा सांगेन, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. आपला स्वतःचा समारंभी पोशाख जहाजावर चालतो. साडी चालते, शेरवानी चालते, बंद गळ्याचा कोट चालतो. पोशाखाच्या बाबतीत कुनार्ड ही सगळ्यात कडक समजली जाणारी कंपनी. त्यांचं क्वीन मेरी २ हे जहाज साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला ७ रात्रींत जातं. तिथे संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं राहावं लागतं आणि गाला, म्हणजे खास समारंभाच्या, संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट, म्हणजे टक्सिडो हा काळा समारंभी कोट, किंवा गडद सूट, बायकांनी गाऊन किंवा तसाच समारंभी पोशाख, असा रिवाज आहे. पण त्याच नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही मान्य केलेला आहे. कडक जहाजाची ही गोष्ट, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं!

बाकीच्यांचं म्हणाल तर प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० सालापासून सक्तीच्या फॉर्मल रात्री काढूनच टाकल्या. सेलिब्रिटी क्रूझेस या कंपनीनं २०१५ च्या अखेरीस 'फॉर्मल' हे नाव सोडून जरा सैल नियम आणला. व्हायकिंग कंपनीच्या जहाजांवर टाय लावायची सक्ती कुठेच नाही. आपल्या मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजावर तर सगळा सुट्टीचा मोकळा मामला. तेव्हा शेजाऱ्यांच्या अनुभवावर बॅग भरू नका. ज्या जहाजाचं तिकीट, त्याच जहाजाचं पत्रक वाचा.

आता माझ्या मामीची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय माझा विषय पुढे सरकत नाही.

मामा-मामी दांडिया बाजारात राहतात. मामा बँकेतून निवृत्त झालेले. मामेभाऊ आणि त्याची बायको सिॲटलला. त्यांनी अलास्काची ७ रात्रींची सफर ठरवली आणि भावानं फोन केला, "आई, दोन संध्याकाळी फॉर्मल आहे. बाबांना टक्सिडो भाड्यानं मिळतो. तुला गाऊन घेऊन ठेवू का?" मामी म्हणाली, "बाबांचा तुझ्या लग्नातला बंद गळ्याचा कोट आहे, रावपुऱ्यात शिवलेला, अजून बसतो. आणि माझं मी बघते."

मामीनं काय बघितलं? तिनं पैठणी काढली आणि परत ठेवली. जरीचा भार, बॅगेचं वजन, शिवाय चुरगळली तर जहाजावर इस्त्री कुठली? शेवटी तिनं तिच्या आईची नारायणपेठी नऊवारी घेतली. वांगी रंग, बारीक चौकडा, अंगाला हलकी. सून, म्हणजे माझी वहिनी, जरा बिचकली. फोनवर मला म्हणाली, "ताई, तिथे सगळे बघत बसतील." मी म्हटलं, बघू देत की.

इथे एक गोष्ट समजून घ्या. फॉर्मल संध्याकाळ बहुधा जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी ठेवतात. बंदराच्या दिवशी माणसं हिंडून, दमून, उशिरा परत येतात. त्यांना नटायला सवड नसते. समुद्राच्या दिवशी दुपारभर वेळच वेळ. हिशेब बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्या संध्याकाळी तुम्ही सगळ्यात नटलेले असता, नेमक्या त्याच संध्याकाळी पायाखालची जमीन हलत असते. त्यातून अलास्काला व्हँकुव्हरहून निघालेली जहाजं बेटांच्या आडोशानं शांतपणे वर जातात. सिॲटलहून निघालेली मात्र बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकवरून. मामीचं जहाज सिॲटलचं.

पहिलीच फॉर्मल संध्याकाळ, आणि दुपारपासून जहाज डुलायला लागलं. कॅप्टननं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, कठड्याला धरून चाला, उंच टाचा टाळा. लिफ्टशेजारी ओकारीच्या कागदी पिशव्या ठेवल्या गेल्या. संध्याकाळी मामी केबिनमधून निघाली ती काष्टा घट्ट खोचून, पदर कमरेला आवळून, पायात सपाट कोल्हापुरी. कॉरिडॉरमध्ये बायका एका हातानं गाऊनचा घोळ उचलताहेत, दुसऱ्या हातानं कठडा धरताहेत. दोघी-तिघींनी तर सँडल हातातच घेतलेले. माझी वहिनीही त्यांच्यातच. आणि मामी दोन पायांत अंतर ठेवून, न अडखळता सरळ चालत गेली. जिनासुद्धा चढली. दोन्ही पाय मोकळे, दोन्ही हात मोकळे. वहिनीला तिनंच दंडाला धरून वर नेलं.

डायनिंग हॉलच्या दारात जो मुख्य वाढपी उभा होता तो निघाला गोव्याचा. जहाजांवर गोव्याची माणसं पुष्कळ, पिढ्यान्‌पिढ्या. त्यानं मामीला पाहिलं, बाकीच्यांशी चाललेलं इंग्रजी तिथल्या तिथे थांबवलं आणि म्हणाला, "मावशी, सांभाळून या. आज दर्या खवळलाय." मामी सांगते, बडोदं सोडल्यापासून घराबाहेर कानावर पडलेलं पहिलं मराठी ते.

टेबल आठ जणांचं होतं. समोर स्कॉटलंडचे एक आजोबा-आजी. आजोबांच्या अंगात काळं जाकीट, गळ्यात बो, आणि खाली किल्ट. हो, तो चौकड्याचा, निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख. जहाजावर तो पूर्ण फॉर्मल मानतात, आपल्या शेरवानीसारखाच. मामीची नजर त्या निऱ्यांवरून हलेना. सूप आलं, गेलं. मग तिनं सुनेला सांगितलं, "विचार त्यांना, याला कापड किती लागतं?"

सुनेला संकोच वाटला, पण विचारलं तिनं. आजोबा म्हणाले, "आठ यार्ड."

यार्ड म्हणजे आपला वार. मामीनं सुनेच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांग, आमचं नऊ."

ते ऐकून आजोबा खुर्चीवरून उठले, कठडा धरावा तशी खुर्चीची पाठ धरली, आणि वळून निऱ्या दाखवल्या. किल्टच्या निऱ्या मागे असतात, पुढचा भाग सपाट. मामीनं सांगितलं, आमच्या निऱ्या पुढे, आणि काष्टा मागे. मग आजोबांनी आणखी एक सांगितलं. निऱ्या अशा बेतानं घालतात की कापड दुमडलं तरी चौकड्याची नक्षी तुटत नाही, एका निरीवरून दुसरीवर सलग जाते. हे भाषांतर करायची गरजच पडली नाही. मामीनं स्वतःच्या नारायणपेठीचा चौकडा बोटानं दाखवला. चौकड्याच्या साडीची निरी करताना रेघेला रेघ जुळवायची, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. आजीबाई पुढे वाकून बघत होत्या. जेवण बाजूला राहिलं आणि टेबलावर निऱ्यांचीच चर्चा. मामा तेवढे निमूटपणे जेवत होते.

शेवटी मामीनं विचारलं, रोज एवढ्या निऱ्या घालायला वेळ किती लागतो? आजोबा म्हणाले, वेळ लागत नाही, निऱ्या शिवलेल्या असतात, पट्टे आवळले की झालं. मामी सुनेकडे वळून म्हणाली, "म्हणजे शिवलेली नऊवारी!"

आता शिवलेल्या नऊवारीवरून आठवलं म्हणून सांगते. आपल्या खंडेराव मार्केटच्या आसपास, मंडईत, गणपतीच्या दिवसांत तयार नऊवाऱ्या मिळतात, पायजम्यासारख्या चढवायच्या. ज्यांना वेळ नाही त्यांची त्यानं सोय होते, हे खरं. पण माझं मत स्पष्ट आहे. नऊवारी नेसायला शिकावी, आणि ती आजीकडून, आत्याकडून, हाताला हात लावून शिकावी. नेसलेली साडी अंगाप्रमाणे सैल-घट्ट करता येते. शिवलेली जशी शिवली तशीच राहते. नेसवायला येणाऱ्या बायका घरोघरी कमी होत चालल्यात. आपल्या मराठी मंडळांनी सुट्टीत मुलींसाठी, आणि धोतर-फेट्यासाठी मुलांसाठीही, शिकवणी ठेवावी असं मी मनापासून सांगते.

असो. जहाजाकडे येते. दुसऱ्या फॉर्मल संध्याकाळी समुद्र शांत होता. आजोबांनी तोच किल्ट घातला, मामांनी तोच कोट, मामीनं तीच नारायणपेठी, आणि त्याच टेबलावर सगळे पुन्हा भेटले. पुरुषांना दोन संध्याकाळी एकच कोट खुशाल चालतो, बायकांनाही चालतो. रोज नवं दाखवायला आपण काही प्रदर्शनाला निघालेलो नाही.

तर पुन्हा सांगते : आपला समारंभी पोशाख चालतो. आपलं नौदलसुद्धा इकडे वळलंय. २०२४ साली नौदलानं अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुडता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जाकीट घालायला परवानगी दिली. आणि साहेबाचे नियमही हवेपुढे वाकलेलेच आहेत. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात इंग्रज नौदलाच्या अधिकाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाला जाकीट काढून नुसता पांढरा सदरा आणि कमरपट्टा ठेवला. तोच पुढे रेड सी रिग नावानं रीतसर पोशाख झाला. तो कमरपट्टाही त्यांनी आपल्याकडूनच उचललेला, वास्कटाऐवजी.

बडोदेकरांना तर पोशाखाचं मोल वेगळं सांगायला नको. महाराज सयाजीराव १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, समुद्र ओलांडणं लोकांना खपत नव्हतं त्या काळात. आणि १९११ च्या दिल्ली दरबारात ते दागदागिन्यांविना, साध्या वेषात बादशहासमोर गेले. त्या वेषावरून आणि त्यांच्या मुजऱ्यावरून विलायतेत केवढा गदारोळ झाला! कुठे काय घालायचं आणि काय घालायचं नाही, हे त्या माणसानं स्वतः ठरवलं होतं. कीर्ती मंदिरावरून, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकावरून, जाताना मला दर वेळी त्याची आठवण येते.

आता बाकीचं भराभर. केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही, आगीच्या भीतीनं ती काढून घेतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुण्याची खोली असते, तिथे इस्त्री मिळते, पण तिच्या भरवशावर खळीची सुती साडी नेऊ नका. रेशीम, क्रेप, महेश्वरी अशी अंगावर बसणारी साडी न्या आणि घडी करण्यापेक्षा गुंडाळून न्या. केबिनच्या भिंती पोलादी असतात, चुंबकाचे हूक नेलेत तर कपडे टांगायला जागा होते. डायनिंग हॉलमध्ये एसी जोरात, शाल लागतेच. सेफ्टी पिना भरपूर घ्या.

नटायचा कंटाळा आला तर? मग बुफेत जेवा, नाहीतर केबिनमध्ये मागवा. तिथे कोणी काही म्हणत नाही. मोठ्या डायनिंग हॉलमध्ये मात्र हाफ पँट, बनियन आणि रबरी चपला नकोत. आणि एक विशेष सूचना, कॅरेबियनला जाणाऱ्यांसाठी. बार्बाडोस, जमैका अशा देशांत सैनिकी छापाचे हिरवट-तपकिरी कपडे सामान्य माणसानं घालणं कायद्यानं गुन्हा आहे. नातवाची तशी टोपी आणि पँट घरीच ठेवा.

दुसऱ्या दिवशीच्या पोशाखाची सूचना आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात असते, किंवा हल्ली जहाजाच्या ॲपवर. झोपण्यापूर्वी ती वाचायची सवय ठेवा.

राहता राहिली शेवटची रात्र. जुन्या आगबोटींवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री कोणी नटत नसे, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. आजही तसंच आहे. शेवटच्या रात्री झोपण्यापूर्वी मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. जहाजाची माणसं त्या घेऊन जातात आणि सकाळी बंदरावर देतात. उत्साहाच्या भरात सगळं भरून बाहेर ठेवाल, तर सकाळी उतरायला अंगावर रात्रीचाच गाऊन राहील. तेव्हा सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत वेगळे काढा, आणि मगच बॅग बाहेर ठेवा.

पुढच्या गुरुवारी, याच वेळी. नमस्कार.