फूझी: आधी उकळी, मग औषध

(पडद्यावर: कागदावर पसरलेल्या काळपट चकत्या. एक चकती उजेडासमोर धरलेली.)

कडेला काळी साल, आत गडद पिवळा तेलकट गर. वर रुंद, खाली निमुळती. चिनी औषधांच्या दुकानात हिला फूझी म्हणतात. वत्सनाभाच्या, म्हणजे बचनागाच्या जातकुळीतल्या एका झाडाचं हे वाळवलेलं मूळ. मुख्य कंदाला बाजूने फुटतो तो पोटकंद म्हणजे फूझी. खुद्द मुख्य कंदाला छ्वानवू म्हणतात, आणि त्याची मात्रा याहून बरीच कमी असते.

(पडद्यावर: सिचुआनमधली शेतं, कंद धुणारे हात.)

सिचुआन प्रांतातला च्यांगयौ भाग या कंदासाठी शतकानुशतकं नावाजलेला आहे. उन्हाळ्यात कंद काढतात आणि मीठ तयार झाल्यावर उरणाऱ्या कडू खाऱ्या पाण्यात भिजत घालतात. मग उकळायचे, कापायचे, पुन्हा पाण्यात ठेवायचे, वाफवायचे, वाळवायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर कच्च्या कंदात अ‍ॅकोनिटीन असतं. शुद्ध स्वरूपात त्याचे जेमतेम 2 मिलिग्रॅम मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतात. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम आत येण्याची जी दारं असतात, ती या विषामुळे नीट मिटत नाहीत आणि ठोक्यांचा ताल बिघडतो. पाण्यात भरपूर वेळ उकळलं, की याच विषाचं विघटन होऊन कितीतरी सौम्य द्रव्यं उरतात. कच्च्या फूझीला चीनने 1988 च्या नियमांत विषारी औषधांच्या यादीत टाकलंय, ते उगाच नाही.

(पडद्यावर: मातीचं भांडं, मंद आच. शेजारी न उघडलेली दुसरी पुडी.)

बाजारातली चकती प्रक्रिया केलेली असली, तरी घरचं काम उरतंच. चिठ्ठीवर फूझीपुढे 'श्यान ज्यान' लिहिलेलं असतं: हे आधी उकळा. म्हणून तिची पुडी वेगळी. साधारण अर्धा ते एक तास ती एकटीच उकळायची, बाकीची औषधं त्यानंतर. मात्रा जास्त असेल तर वेळही वाढतो आणि तो वैद्यच सांगतो. चीनच्या औषधकोशात मात्रा 3 ते 15 ग्रॅम आहे. याहून कितीतरी जास्त देणारे वैद्यही तिथे आहेत, त्यांची एक परंपराच आहे. पण त्यांचं ऐकून घरी वजनकाटा घेऊन बसणं हा शुद्ध आगाऊपणा.

घात होतो तो बहुधा घाईने. दोन्ही पुड्या एकदम भांड्यात पडतात, किंवा दहा मिनिटांत काढा उतरवला जातो. त्याहून वाईट म्हणजे दारू. सांध्यांना चोळण्यासाठी ही मुळं दारूत मुरवून ठेवतात आणि कुणीतरी तीच पितं. दारू विष ओढून घेते, पण ते मोडायला लागणारी उकळी तिथे नसतेच. चीनमध्ये अशाने माणसं दगावली आहेत, एकदा नव्हे, अनेकदा.

(पडद्यावर: मराठी घरातलं औषधांचं कपाट.)

आपल्याकडे तापावर सर्रास घेतली जाणारी त्रिभुवनकीर्ती आठवा. तिच्यात शुद्ध केलेला वत्सनाभ असतो. शोधनाची रीत निराळी, त्यात गोमूत्र वापरतात, पण मूळ याच कुळातलं. वैद्याच्या देखरेखीखाली घ्या, ही बाटलीवरची सूचना फारसं कुणी वाचत नाही.

गर्भवतींनी फूझी टाळावी. हृदयाची गोळी चालू असेल, तर वैद्याला आधी सांगावं. काढा घेतल्यावर ओठ, जीभ किंवा बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या, मळमळ किंवा धडधड सुरू झाली, तर वाट पाहू नका. लक्षणं काही मिनिटांत दिसू शकतात, कधी तास-दोन तासांनी. या विषावर नेमका उतारा नाही. रुग्णालयात हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून उपचार करतात. निघताना चिठ्ठी, पुडीचा कागद आणि उरलेला काढा सोबत घ्या.